पट्ट्याचा ताण

आपल्या पांढरपेशा घरांतून हातच्या कसबाचें कौतुक होत नाहीं असें कोणी म्हटलें, तर तें सर्वस्वीं खरें नव्हे. आमच्या मातोश्रींच्या हातची शेवई दोऱ्याहून बारीक निघे, आणि तिची वाखाणणी आम्ही आजही करतों. रांगोळी, विणकाम, अक्षर, पूजेची मांडणी, या सर्वांत हाताचें वळण आम्ही पारखून घेतों. परंतु लोखंड, कानस आणि वंगण यांचा प्रश्न निघाला, कीं तोच हात एकाएकीं मागें घेतला जातो, आणि "तें आपलें काम नव्हे, माणूस बोलवा" हें ठराविक वाक्य घरांतील कोणाच्या तरी तोंडून बाहेर पडतें. ह्या वाक्यांत आळस थोडा आणि सवय फार असते. गेल्या वर्षीं आमच्या घरीं एका लहानशा लोखंडी तुकड्यानें ही सवय मोडली. त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें वाटतें. कारण त्या तुकड्यावर घरांतील एका मुलाचा रात्रीचा प्रवास अवलंबून होता.

आमचें बिऱ्हाड इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरीं आहे. मातोश्री, दादा, वहिनी, त्यांचा मुलगा, आम्ही आणि आमचें कुटुंब अशीं सहा माणसें एका स्वयंपाकघरांत जेवतों. हें गांव पहिल्यापासून मोटारींचें. डेमलर कंपनीनें १८९६ सालीं येथील एका बंद पडलेल्या कापडगिरणींत आपला कारखाना मांडला, आणि पुढें कित्येक पिढ्यांनीं येथें मोटारीच जोडल्या. अशा गांवांत आमच्या पुतण्यानें स्वतः मोटार बांधण्याचा हट्ट धरला, यांत नवल नव्हतें.

घरीं मोटार बांधणें ही कल्पना आपल्याकडील वाचकांस चमत्कारिक वाटेल. पण त्या देशांत तिला मोठा इतिहास आहे. १९५७ सालीं कॉलिन चॅपमन ह्यांच्या लोटस कंपनीनें 'सेव्हन' नांवाची हलकी, उघडी, दोन माणसांची गाडी काढली. तयार मोटारीवर त्या काळीं खरेदी-कर बसे; सुट्या भागांच्या रूपानें घेतलेल्या गाडीवर तो बसत नसे. तेव्हां बेताच्या मिळकतीचे तरुण भाग घरीं आणीत आणि गाडी स्वतः जोडीत. १९७३ सालीं तो कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि जुनी सवलत संपली. परंतु हौस संपली नाहीं. १९९६ सालीं रॉन चॅम्पियन ह्यांचें, अडीचशें पौंडांत स्वतःची गाडी कशी बांधावी हें सांगणारें पुस्तक निघालें, आणि पोलादी चौकोनी नळ्या कापून गाडीचा सांगाडासुद्धां घरींच बनविणाऱ्यांचा एक वर्ग तयार झाला. अर्थात् वाटेल ती गाडी रस्त्यावर आणतां येत नाहीं. २००९ पासून अशा प्रत्येक गाडीस एक स्वतंत्र सरकारी परीक्षा द्यावी लागते. ब्रेक, दिवे, पट्टे, धूर, धारदार कडा, सर्व तपासलें जातें, आणि मगच तिला क्रमांक मिळतो.

आपल्याकडे अशी वाट नाहीं म्हणून अशीं माणसें नाहींत असें मात्र नव्हे. २०२१ सालीं सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे गांवच्या एका कारागिराची, भंगारांतील भागांपासून बनविलेली आणि पायानें किक मारून सुरू होणारी छोटी गाडी सर्वत्र गाजली. नियमांत बसत नसल्यामुळें ती रस्त्यावर टिकणें अवघड होतें. पुढें एका मोठ्या मोटार कंपनीच्या प्रमुखांनीं तिच्या बदल्यांत त्यांस नवी गाडी दिली. त्या कारागिराचें चित्र पाहून आमच्या मातोश्री एवढेंच म्हणाल्या, "ह्यानें माणूस बोलावला नाहीं." पुतण्यानें तें वाक्य मनांत ठेवलें असावें.

त्याची गाडी 'सेव्हन'च्याच घाटाची. सांगाडा घरीं जोडलेला. इंजिन जुन्या फोर्ड गाडींतून काढलेलें, १५९९ घनसेंटिमीटरचें. ह्या घराण्याचें पहिलें इंजिन १९५९ च्या अँग्लिया गाडींत बसलें, आणि ज्यांत हवा एका अंगानें आंत येते व धूर दुसऱ्या अंगानें बाहेर पडतो तो सुधारलेला प्रकार १९६७ पासून निघाला. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांतून वीज पुरविण्यास डायनॅमो असे. त्याची शक्ति साधारण २२ अँपिअर, आणि इंजिन मंद फिरूं लागलें कीं तो जवळजवळ स्वस्थ बसे. आतां हिशेब पाहा : समोरचे दिवे १० अँपिअर, मागचे व बाजूचे दिवे ३, पाणी थंड करणारा विजेचा पंखा ९, ठिणगीची व्यवस्था ४, पाऊस पुसणारे वायपर ४, म्हणजे एकूण ३० अँपिअर झाले. पावसाळी रात्रीं डायनॅमो पुरत नाहीं आणि तूट बॅटरीवर पडते. म्हणून त्याच्या जागीं ३६ अँपिअरचा अल्टरनेटर बसविला. ह्यांत वीज उत्पन्न होते ती उलटसुलट वाहणारी. आंतील सिलिकॉनचे डायोड तिला एका दिशेस वळवितात. आणि इंजिन सावकाश फिरत असतांही तो कांहीं ना कांहीं देतच राहतो.

अडचण एवढीच, कीं डायनॅमो लांबट आणि सडपातळ असतो, तर अल्टरनेटर आंखूड आणि गलेलठ्ठ. एकाचें आसन दुसऱ्यास येत नाहीं. इंजिनाच्या अंगाला त्यास धरून ठेवणारा, आणि पट्टा ताणण्यासाठीं त्यास थोडें आंत-बाहेर झुकूं देणारा, असा निराळा ब्रॅकेट लागतो. प्रथम तो एका विक्रेत्याकडून तयारच मागविला होता. अॅल्युमिनियमचा, चकचकीत, दिसण्यांत मोठा देखणा.

कार्तिकांतील एका संध्याकाळीं पुतण्या मित्राकडून परत येत होता. त्या देशीं त्या दिवसांत चारच्या सुमारास अंधारून येतें. गांव बारा मैल राहिलें असतां विजेचा लाल दिवा लागला, आणि पाठोपाठ उष्णतेचा कांटा चढूं लागला. ह्या इंजिनांत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप हीं दोन्ही एकाच पट्ट्यावर फिरतात. ब्रॅकेट मोडला कीं पट्टा ढिला पडतो, आणि वीज व पाणी एकदमच थांबतात. गाडी पुढें नेणें म्हणजे इंजिन जाळणें. मुलगा रस्त्याच्या कडेला थांबला. गाडीची उंची आपल्या जेवणाच्या टेबलाहून फार नव्हे. पाऊस पडत होता. शेजारून मोठमोठे ट्रक जात होते. मदत येईपर्यंत दोन तास तो कुंपणापलीकडे उभा राहून बॅटरीवर लुकलुकणाऱ्या दिव्यांकडे पाहत होता.

त्या रात्रीं घरांत कोणी कोणास बोललें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहा देतांना वहिनी आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, मला तुमच्या गाडींतलें कांहीं कळत नाहीं. पण ज्या तुकड्यावर माझ्या मुलाचे दिवे आणि इंजिन दोन्ही लटकलेलीं आहेत, तो भरवशाचा आहे असें तुम्ही मला सांगेपर्यंत ही गाडी दिवस मावळल्यावर बाहेर जाणार नाहीं." पुतण्याची नोकरी दोन महिन्यांनीं सुरू व्हावयाची होती, आणि त्याची पाळी रात्रीं दहाला संपणार होती. वहिनींच्या अटीस मुदत होती ती अशी.

पुतण्यानें विचारलें, "काका, दुसरा विकत आणूं या का?"

आम्ही म्हणालों, "आणूं. पण हा कां मोडला हें कळल्यावांचून दुसरा तरी कोणता आणावा?"

मोडलेले दोन तुकडे आम्हीं भिंगाखालीं धरले. तुटलेल्या पृष्ठभागाचा मोठा भाग गुळगुळीत, आणि त्यावर वाळूंत लाटेनें उमटावीं तशीं वलयें होतीं; उरलेला थोडा भाग खडबडीत व ताजा होता. म्हणजे ब्रॅकेट त्या संध्याकाळीं मोडला नव्हता. तो कित्येक दिवस मोडतच होता, त्या संध्याकाळीं फक्त वेगळा झाला. वलयांचें मूळ खाचेच्या एका अगदीं काटकोनी कोपऱ्यांत सांपडलें.

धातूच्या ह्या थकव्याचा पद्धतशीर अभ्यास जर्मनींत ऑगस्ट वोलर ह्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आगगाडीच्या धुऱ्यांवर केला. एका धक्क्यानें ज्या भारास धातु दादही देत नाहीं, तोच भार लक्षावधि वेळां आला कीं ती हार खाते, हें त्यांनीं दाखविलें. चार नळकांड्यांचें इंजिन प्रत्येक फेऱ्यांत दोनदां हादरतें. मिनिटास ३,००० फेरे म्हणजे सेकंदास १०० हादरे, आणि तासास ३,६०,०००. अल्टरनेटर चार-पांच किलोचा. त्यास फिरविण्यास लागणारी शक्ति एका अश्वशक्तीच्या आसपास. हें ओझें कांहीं फार नव्हे. ब्रॅकेटचा शत्रु ओझें नसून हा हादरा आहे. पोलादाची एक मर्यादा असते, जिच्याखालीं तें असे हादरे जवळजवळ अखंड सोसतें. अॅल्युमिनियमला तशी मर्यादा नाहीं. आणि कोपरा जितका तीक्ष्ण, तितका ताण तेथें गोळा होतो.

आमच्या शेजारीं एक वृद्ध इंग्रज गृहस्थ राहतात. त्यांनीं उमेदीचीं वर्षें येथील कारखान्याच्या टूलरूममध्यें काढलीं. त्यांस आम्हीं तुकडे दाखविले. त्यांनीं सल्ला दिला नाहीं, पुतण्यास फक्त विचारलें, "हा नुसता धरून बसला आहे, कीं जागचा हलूंच शकत नाहीं?" आणि ते चहा प्यावयास बसले.

त्या प्रश्नावर आमच्या घरीं चार संध्याकाळ खल झाला. पट्टा ताणण्याची नेहमींची पद्धत अशी : अल्टरनेटरचे खालचे दोन कान एका बोल्टवर बिजागरीसारखे फिरतात, आणि वरचा कान एका पट्टींतील लांबट खाचेंत सरकतो. पट्टी इंजिनास पक्की असेल तर ती खाच सरळ चालत नाहीं. खालच्या बोल्टाच्या केंद्रावरून काढलेल्या वर्तुळाचा तो कंस असावा लागतो, नाहींतर बोल्ट मध्येंच अडतो. परंतु खाचेंतला बोल्ट केवळ घर्षणानें 'धरून बसतो.' दुसरी पद्धत आटेदार दांड्याची. षट्कोनी नळीच्या एका टोकास उजवे आटे, दुसऱ्या टोकास डावे. दोन्हींत गोलाकार सांधे. नळी फिरविली कीं दोन्ही टोकें एकदम दूर जातात किंवा जवळ येतात, आणि मग दोन्हीकडे कुलुपी नट आंवळावयाचे. ८ मिलिमीटरच्या आट्याची एक पायरी सव्वा मिलिमीटरची. म्हणून नळीच्या एका फेऱ्यास लांबी अडीच मिलिमीटरनें बदलते, आणि षट्कोनाच्या एका बाजूइतकें वळविल्यास अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. ताण हवा तेवढाच देतां येतो, आणि दिलेला ताण घर्षणावर सोडावा लागत नाहीं. दादा हिशेबनीस, त्यांस ही दुसरी रीत तत्काळ पटली. "ह्यांत जमा-खर्च दिसतो," असें ते म्हणाले.

मग काम सुरू झालें. प्रथम पुठ्ठ्याचा नमुना कापला. तो तीन वेळां बदलला, कारण स्टिअरिंगचा दांडा इंजिनाच्या कुशींतून जातो आणि त्याच्यापासून बोटभर अंतर हवें होतें. ६ मिलिमीटरचा मऊ पोलादी पत्रा आणला. त्यावर रेघा पुतण्यानें ओढल्या. भोंकांचे मध्य पंचानें आम्हीं ठोकले. हॅकसॉ आळीपाळीनें चालविला. वेल्डिंग पुतण्यानें संध्याकाळच्या वर्गांत शिकून घेतलें होतें. तें त्याचेंच काम. पाया आणि कान यांच्या मध्यें त्यानें एक त्रिकोणी आधार जोडला, आणि जोडाचीं टोकें कोपऱ्यांपासून दूर ठेवलीं. आंतले सर्व कोपरे गोल केले, भोंकांच्या कडा मारल्या, आणि कापतांना पडलेले ओरखडे एकही न राहील इतकें कानशीनें घासलें. दादांनीं पन्नाशी उलटल्यावर प्रथमच कानस हातीं धरली. पहिल्या दिवशीं त्यांची कड गोलच होई. चौथ्या दिवशीं त्यांनीं गुण्या लावून पाहिला, आणि उजेडाची फट दिसली नाहीं, तेव्हां तो तुकडा घेऊन ते स्वयंपाकघरांत सर्वांना दाखवून आले.

मातोश्री दाराशीं खुर्ची टाकून बसत. त्या म्हणाल्या, "आमच्या गांवीं पिठाची गिरणी होती, तिचा पट्टा घसरला कीं गिरणीवाला त्याला राळ चोळी. तुम्ही कां नाहीं चोळत?" पुतण्यानें आजीस पट्टा हातांत देऊन समजाविलें : गिरणीचा पट्टा सपाट, म्हणून त्यास राळ; हा निमुळता पाचरीसारखा, पुलीच्या खाचेंत जितका ताणला जाईल तितका आपणच रुतून बसतो. मातोश्रींनीं पट्टा वळवून पाहिला आणि पसंतीची मान हलविली.

बसवितांना तीन गोष्टी संभाळाव्या लागल्या, आणि त्या कोणाही हौशी वाचकास उपयोगीं पडतील. पहिली, इंजिनाची, पंपाची आणि अल्टरनेटरची अशा तिन्ही पुल्या एका सरळ रेषेंत हव्यात. लांब पोलादी पट्टी त्यांच्या तोंडांवर टेकवून, वॉशर घालून-काढून आम्हीं ती रेषा साधली. वांकडा पट्टा कडेनें झिजतो आणि किंचाळतो. दुसरी, कानांच्या मध्यें फट ठेवून बोल्ट आंवळूं नये. तसें केल्यास अल्टरनेटरचा ओतीव कान तडकतो. पुष्कळ अल्टरनेटरांच्या मागच्या कानांत ह्यासाठींच एक सरकणारें बुश असतें; तें फट भरून काढतें. तिसरी, रंग. परतीची वीज ब्रॅकेटमधूनच इंजिनास पोंचते; सगळीकडे रंग फासला तर तिची वाट बंद होते. म्हणून जेथें धातु धातूस टेकते तेथील रंग काढला, आणि वर एक जाड तार स्वतंत्र जोडून दिली.

मग ताण. मधल्या लांब पल्ल्यावर अंगठ्यानें दाबलें असतां पट्टा अर्धा इंच खालीं जावा, हा जुना नियम. याहून ढिला असेल तर तो घसरतो, तापतो, आणि वीज कमी पडते. याहून कडक असेल तर कोणाचीच तक्रार ऐकूं येत नाहीं, पण पंपाचें आणि अल्टरनेटरचें बेरिंग आंतल्या आंत झिजत जातें. ढिलाई लगेच ओरडून सांगते. अतिताण मुकाट्यानें नुकसान करतो. एका स्वयंपाकघरांत सहा माणसांस वागवणाऱ्या घरांतील वडील मंडळींस ह्या नियमाचें स्पष्टीकरण करण्याची गरज नाहीं. दादांनीं तो ऐकून वहिनींकडे पाहिलें, आणि आमच्या कुटुंबानें आमच्याकडे.

इंजिन अर्धा तास चालविलें. दिवे, पंखा, वायपर सर्व सुरू ठेवून बॅटरीवर मोजलें, तों १४ व्होल्टांच्या वर कांटा स्थिर होता. पन्नास मैलांनंतर नवा पट्टा थोडा सैल पडला, तसा तो पडतोच. षट्कोनाच्या दोन बाजू वळवून तो पुन्हां नीट केला. हजार मैल दिवसाउजेडीं झाल्यावर शेजारचे गृहस्थ स्वतः आले. त्यांनीं ब्रॅकेट काढावयास लावला, त्यावर घासलेट फासलें, तें पुसून कोरडें केलें, आणि वर खडूची पूड चोळली. कोठें केसाएवढी चीर असती, तर तींत मुरलेलें घासलेट खडूवर काळी रेघ होऊन उमटलें असतें. आगगाडीचे कारागीर पूर्वीं असेंच करीत. वहिनी पदर खोंचून जवळ उभ्या होत्या. पंधरा मिनिटें झालीं. खडू पांढराच राहिला. त्यांनीं चष्मा लावून पुन्हां एकदां पाहिलें आणि मुलास विचारलें, "सोमवारीं डबा किती वाजतां हवा?"

त्या क्षणीं आमच्या ध्यानांत आलें, कीं विकत आणलेल्या वस्तूविषयीं आपण फार तर 'चालते' एवढेंच म्हणूं शकतों; ती कोठें मोडेल, कां मोडेल आणि मोडूं नये म्हणून काय केलें आहे, हें सांगतां येणें निराळें. वहिनींनीं आमच्याकडे मागितलें होतें तें हें दुसरें. शिकलेल्या घरांतून ज्ञान पुष्कळ असतें. वोलरचें नांव आम्हांस पुस्तकांतून ठाऊक होतें. परंतु कानशीखालीं कोपरा गोल होतांना जें कळलें तें पुस्तकांत नव्हतें, आणि पुस्तकावांचून तो कोपरा गोल कां करावयाचा हेंही कळलें नसतें. आपल्या घरांनीं ह्या दोहोंची फारकत उगीचच करून ठेविली आहे.

आणखी एक गोष्ट त्या तुकड्यानें शिकविली. असा ब्रॅकेट सर्वांगानें ताठर असावा लागतो. तो जरा वांकला कीं हादरा वाढतो. आणि तरीही एके ठिकाणीं त्यास हलतां आलें पाहिजे. कारण पट्टा लांबतो, हवामान बदलतें, आणि आज बरोबर असलेला ताण सहा महिन्यांनीं बरोबर राहत नाहीं. ती हलण्याची जागा कोणती, ती कोणी आणि केव्हां हलवावयाची, हें ठरलेलें असलें म्हणजे बाकीचें सर्व निर्धास्तपणें घट्ट आंवळतां येतें.

पुतण्या आतां रोज रात्रीं साडेदहाला घरीं येतो. स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर चतुर्थी-एकादशीच्या खुणांबरोबर प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारीं वहिनींच्या अक्षरांत 'पट्टा' असा एक शब्द लिहिलेला असतो, आणि त्या दिवशीं चहाच्या आधीं दादा अंगठ्यानें तो दाबून येतात.